मेंदूचा अभ्यास पिढीभर चालतो, निधी मात्र तीन वर्षांचा मिळतो

विहारांच्या आणि मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. ध्यान केल्याने मेंदू आठ वर्षांनी तरुण राहतो, हे अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे, असा त्याचा आशय. मजकुराच्या मुळाशी खरा अभ्यास आहे. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातील रिचर्ड डेव्हिडसन यांच्या प्रयोगशाळेने तिबेटी परंपरेतील भिक्खू योंगे मिंग्यूर रिनपोचे यांच्या मेंदूचे १४ वर्षांच्या काळात चार वेळा एमआरआय काढले. वयाच्या ४१ व्या वर्षी काढलेल्या चित्रावरून संगणकाने त्यांच्या मेंदूचे वय ३३ च्या आसपास धरले. २०२० मध्ये हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

पण 'सिद्ध केले' हे शब्द फॉरवर्ड करणाऱ्यांचे आहेत. संशोधकांनी स्वतः याला एका व्यक्तीचा अभ्यास म्हटले आहे. एका माणसाच्या मेंदूवरून ध्यानाचे फळ ठरत नाही. त्यांचा मेंदू जन्मतःच तसा असेल, आहार-झोप वेगळी असेल, आणखी काही असेल. तथागतांनी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका असे सांगितले, हे आपण व्याख्यानांतून सांगतो आणि नेमकी हीच ऐकीव गोष्ट पुढे पाठवतो. या अभ्यासात खरोखर मोलाचे काही असेल तर ते आहे १४ वर्षे. एकाच माणसाकडे पुन्हा पुन्हा परत जाऊन मोजणे. मेंदू कसा घडतो आणि कसा झिजतो हे समजून घेण्याचा याहून चांगला रस्ता नाही, आणि संशोधनाच्या जगात सगळ्यात कमी पैसा टिकतो तोही याच रस्त्यावर. हे कसे घडते आणि त्याचा आपल्या समाजाशी काय संबंध आहे, ते आम्ही येथे मांडत आहोत.

एकदाच मोजून काय चुकते

अंगणवाडीत बाळाचे वजन एकदाच केले तर ते आज कमी आहे की जास्त एवढेच कळते. दर महिन्याला वजन करून आलेखावर ठिपके मांडले की बाळ वाढते आहे, थांबले आहे की घसरते आहे, हे अंगणवाडी सेविकेला एका नजरेत दिसते. मेंदूचेही तसेच आहे. पण बहुतेक अभ्यास एकदाच मोजणारे असतात, कारण ते स्वस्त पडतात आणि लवकर संपतात.

समजा, एखाद्या वस्तीत आपण २५ वर्षांच्या शंभर तरुणांची आणि ७५ वर्षांच्या शंभर ज्येष्ठांची स्मरणशक्ती तपासली. ज्येष्ठांना कमी गुण पडले. आपण लगेच म्हणणार, वय झाले, साठी बुद्धी नाठी. पण त्या ज्येष्ठांपैकी बहुतेकांनी शाळा पाहिली नव्हती, लहानपणी पोटभर अन्न मिळाले नव्हते, आणि तरुण मात्र बारावी झालेले आहेत. मग फरक वयाचा की शाळेचा? एकदाच केलेल्या मोजणीतून याचे उत्तर निघत नाही. ज्येष्ठांच्या लहानपणीची नोंद हातात असेल तरच निघते.

अशी नोंद स्कॉटलंडमध्ये सापडली. १ जून १९३२ रोजी तेथे १९२१ साली जन्मलेल्या जवळपास सगळ्या शाळकरी मुलांची एकाच दिवशी बुद्धिमापन चाचणी घेण्यात आली. मुले होती ८७,४९८. पुढे १९४७ मध्ये १९३६ साली जन्मलेल्या ७०,८०५ मुलांची तशीच चाचणी झाली. उत्तरांचे गुण वह्यांमध्ये लिहिले गेले आणि वह्या धूळ खात पडल्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस लॉरेन्स व्हॅली आणि इयन डिअरी या संशोधकांना त्या वह्यांचे मोल कळले. त्यांनी तेव्हाच्या मुलांना, म्हणजे आताच्या आजी-आजोबांना शोधून काढले आणि तीच चाचणी पुन्हा दिली. एडिनबरा आणि आसपासच्या भागातील १९३६ च्या मुलांपैकी १,०९१ जण या अभ्यासात आले. त्यांच्या मेंदूचे एमआरआय त्यांच्या सत्तरीत सुरू झाले.

निष्कर्ष काय निघाला? म्हातारपणी माणसामाणसांत जो बौद्धिक फरक दिसतो, त्यातला साधारण निम्मा फरक अकराव्या वर्षीच दिसत होता. म्हणजे ज्याला आपण म्हातारपणाचा परिणाम म्हणतो त्याचा मोठा भाग बालपणातच ठरलेला असतो. उरलेल्या निम्म्यात शिक्षण, धूम्रपान, व्यायाम, रक्तदाब या साऱ्यांना जागा आहे. या कामाला सरकारी संशोधन परिषदांबरोबरच ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या 'एज यूके' या धर्मादाय संस्थेनेही पैसा दिला. सर्वसामान्यांच्या देणगीतून मेंदूचे संशोधन, ही कल्पना आपल्याकडे अजून रुजलेली नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील जोगिणींचे आहे. डेव्हिड स्नोडन या साथरोगतज्ज्ञाने १९८६ मध्ये 'स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम' या कॅथलिक संघातील भगिनींचा अभ्यास सुरू केला. पुढे ६७८ भगिनी त्यात सामील झाल्या. सगळ्यांनी दर वर्षी तपासणीला आणि मृत्यूनंतर मेंदू देण्याला संमती दिली. या भगिनींचे राहणे, जेवण, औषधोपचार बहुतेक सारखे. धूम्रपान नाही, बाळंतपण नाही. त्यामुळे आयुष्यातील शंभर गोष्टींचा गुंता आपोआप कमी झाला. संघाच्या दप्तरात आणखी एक खजिना होता. व्रत घेण्यापूर्वी, वयाच्या साधारण विशीत, काही भगिनींनी स्वतःविषयी लिहिलेली एकदोन पाने. ज्या तरुणींच्या लिखाणात एकेका वाक्यात विचार दाटीने आले होते, त्यांच्यात साठ वर्षांनी अल्झायमरचे प्रमाण कमी आढळले. काही भगिनींच्या मेंदूत मृत्यूनंतर अल्झायमरच्या खुणा भरपूर सापडल्या, पण जिवंतपणी त्या शेवटपर्यंत तल्लख होत्या. मेंदूत जणू शिल्लक साठवलेली असते आणि आजार आला तरी ती काही काळ पुरते, या विचाराला या अभ्यासाने बळ दिले. संशोधक त्याला बौद्धिक राखीव साठा म्हणतात.

पैसा कुठे जातो

लोकांना वाटते, एमआरआय महाग म्हणून अभ्यास महाग. एमआरआय महाग आहेच, पण खरा खर्च माणसे टिकवण्याचा असतो. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात एप्रिल १९७२ ते मार्च १९७३ या वर्षात जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास आजही चालू आहे. ती मुले आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत. कुणी ऑस्ट्रेलियात, कुणी इंग्लंडमध्ये, कुणी तुरुंगात. अभ्यासाची फेरी आली की जगात जिथे असतील तिथून त्यांना विमानाने ड्युनेडिनला आणले जाते. वयाच्या ४५ व्या वर्षी झालेल्या फेरीत हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के जण आले होते. आपल्याकडे दोन वर्षांनी त्याच वस्तीत गेलो तर निम्मी घरे भाड्याने दुसरीकडे गेलेली असतात, हे सर्वेक्षणाचे काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. आणि जे निघून जातात ते सहसा सगळ्यात गरीब असतात: ऊसतोड मजूर, वीटभट्टीवरचे, झोपडी तुटलेले. त्यांना शोधायला पैसा नसेल तर अभ्यासात उरतात फक्त स्थिर घरातले लोक, आणि निष्कर्षही त्यांचेच निघतात.

निधी देणाऱ्या यंत्रणांची चाल मात्र वेगळी असते. संशोधन प्रकल्पाला साधारण तीन ते पाच वर्षांचे अनुदान मिळते. पहिले वर्ष मंजुरी, भरती आणि यंत्रखरेदीत जाते, शेवटचे वर्ष अहवाल आणि पुढच्या अर्जात. मधल्या काळात नेमलेले क्षेत्र कर्मचारी कंत्राटी असतात. ज्या मुलीला गावातल्या प्रत्येक घरची सून नावाने ठाऊक झालेली असते, तिचे कंत्राट संपते आणि तिच्याबरोबर तो विश्वासही जातो. रक्ताचे नमुने उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवलेले असतात. त्या फ्रीजरचे वीजबिल कोणत्या अनुदानातून भरायचे, हा प्रश्न ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण तीस वर्षांचा अभ्यास त्यावर अडू शकतो. शिवाय मंत्री, अधिकारी, निधी देणाऱ्या संस्थेचे विश्वस्त या सगळ्यांचा कार्यकाळ अभ्यासाच्या पुढच्या फेरीआधीच संपतो. फळ दिसेपर्यंत थांबणारा कुणी नसतो.

श्रीमंत देशांतही हेच आहे. हृदयविकाराची कारणे जगाला ज्यातून समजली आणि ज्यात पुढे मेंदूच्या झिजेचाही अभ्यास झाला, तो फ्रामिंगहॅम अभ्यास १९४८ पासून चालू आहे. २०१३ मध्ये अमेरिकी सरकारच्या सरसकट खर्चकपातीत त्याच्या मूळ निधीतील ४० टक्के, म्हणजे ४० लाख डॉलर गेले. २०२५ च्या एप्रिलमध्ये दीड लाखाहून अधिक स्त्रियांना तीन दशके तपासत आलेल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'ची प्रादेशिक केंद्रे बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि आरडाओरड झाल्यावर काही दिवसांत मागे घेतला गेला. त्याहून मोठी गोष्ट 'नॅशनल चिल्ड्रन्स स्टडी'ची. एक लाख मुलांना जन्माआधीपासून २१ वर्षांपर्यंत पाहायचे, असा अमेरिकी कायद्यानेच २००० मध्ये घेतलेला ध्यास. अब्जाहून अधिक डॉलर खर्च झाले आणि मुख्य अभ्यास सुरू होण्याआधीच डिसेंबर २०१४ मध्ये तो गुंडाळला. ब्रिटनमध्ये ८० हजार बाळांचा 'लाइफ स्टडी' २०१५ मध्ये बंद पडला, तेव्हा अडीचशेच्या आसपास मातांची नोंद झाली होती. तिथे पैसा मंजूर होता, माणसे आली नाहीत.

थांबण्याची गरज का असते, याचे अलीकडचे एक बोलके उदाहरण आहे. अमेरिकेत 'बेबीज फर्स्ट इयर्स' या प्रयोगात २०१८ पासून चार ठिकाणच्या एक हजार गरीब मातांपैकी काहींना दरमहा ३३३ डॉलर आणि इतरांना २० डॉलर दिले गेले. पैसा हाती आल्याने बाळाच्या मेंदूवर काय परिणाम होतो, हे पाहायचे होते. बाळे एक वर्षाची झाली तेव्हा ज्यांच्या घरी जास्त पैसे येत होते त्यांच्या मेंदूतील विद्युतलहरींत फरक दिसला. २०२२ मध्ये मोठे मथळे झाले. मुले चार वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासले तर भाषा, वर्तन, मेंदूच्या लहरी यांत दोन गटांत ठळक फरक उरला नव्हता. करोनाची साथ मध्ये आली हे कारण असेल, रक्कम अपुरी असेल, किंवा फरक पुढे शाळेत दिसेल. पहिल्याच वर्षी निधी थांबला असता तर जग अर्धवट उत्तराला पूर्ण उत्तर मानून बसले असते. गरिबांना पैसे द्यावेत की नाही, हा न्यायाचा प्रश्न आहे आणि आमच्या मते त्याला मेंदूच्या पुराव्याची गरज नाही. पण त्याने मेंदू घडतो असा दावा करायचा तर थांबून पाहावे लागते.

पुण्याजवळची सहा गावे

आता घराजवळ येऊ. पुण्यापासून जवळच्या सहा गावांत १९९३ पासून एक अभ्यास चालू आहे, आणि जगभरचे संशोधक त्याचे दाखले देतात. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी गरोदर होण्याआधीपासून स्त्रियांची नोंद ठेवली: त्या काय खातात, किती काम करतात, पाणी किती लांबून आणतात. मग त्यांच्या मुलांकडे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा परत गेले. सुरुवातीचा मोठा निधी ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टचा होता. आपली बाळे वजनाने कमी पण अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त, हे इथेच नीट मांडले गेले, आणि पुढच्या मधुमेहाचे एक मूळ गर्भात असल्याचे चित्र स्पष्ट होत गेले.

मेंदूच्या बाजूने पाहिले तर बी-१२ या जीवनसत्त्वाची गोष्ट महत्त्वाची आहे. गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात बी-१२ सगळ्यात कमी होते त्यांची मुले आणि ज्यांच्यात सगळ्यात जास्त होते त्यांची मुले, नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्या चाचण्या घेतल्या. पहिल्या गटातील मुले लक्ष टिकवण्याच्या आणि आकडे लक्षात ठेवून उलटे सांगण्याच्या चाचणीत मागे पडली. पुढे हीच अभ्यासातील मुले-मुली वयात आल्यावर त्यांना अगदी थोड्या मात्रेत बी-१२ देण्याचा प्रयोग झाला, आणि त्यांना झालेली बाळे दोन वर्षांची असताना तपासली गेली. ज्यांना केवळ बी-१२ दिले त्यांची बाळे काही कसोट्यांवर पुढे आढळली. संख्या लहान आहे, त्यामुळे घाईने घोषणा करू नयेत. पण आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्या एकाच दप्तरात असणे किती दुर्मीळ आहे, याचा विचार करावा.

बी-१२ मांस, मासे, अंडी आणि दूध यांतून मिळते. शालेय पोषण आहारात अंडे द्यावे की नाही, यावर महाराष्ट्रात भावनांचा वाद किती रंगतो ते आपण पाहिले आहे. त्या वादात पुणे जिल्ह्यातल्या या दप्तराचा उल्लेख आम्हाला फारसा ऐकू आला नाही. आपल्या कार्यकर्त्यांनी अंड्याची मागणी करताना केवळ आमची खाद्यसंस्कृती एवढ्यावर न थांबता हा पुरावाही हाताशी ठेवायला हवा.

देशपातळीवर ज्येष्ठांचा सगळ्यात मोठा अभ्यास आहे 'लासी', म्हणजे भारतातील वार्धक्याचा दीर्घकालीन अभ्यास. त्याचे मुख्यालय मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत आहे. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षे व त्यावरील सुमारे ७२ हजार लोकांची माहिती घेतली गेली. पैसा केंद्रीय आरोग्य मंत्रालय, अमेरिकेची राष्ट्रीय वार्धक्य संस्था आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी यांचा. याच अभ्यासाची एक शाखा दिल्लीच्या एम्सबरोबर स्मृतिभ्रंशाची तपासणी करते. साठ वर्षांवरील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे, हा अंदाज तिथून आला. पुरुषांत ५.८ टक्के, स्त्रियांत ९ टक्के. शहरात ५.३, गावात ८.४. हे आकडे पाहिल्यावर गावातली शुद्ध हवा आणि साधे जेवण मेंदूला जपते, ही समजूत जरा बाजूला ठेवावी लागते. गावातल्या ज्येष्ठ बाईकडे शाळा नव्हती.

भारतातल्या ज्येष्ठांच्या मेंदूचा एवढा मोठा हिशेब अमेरिकी करदात्याच्या पैशाला टेकून उभा आहे, याचा अर्थ तिकडे कपात झाली की हादरा इकडेही बसू शकतो. आपला देश संशोधनावर सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. चीन दोन टक्क्यांच्या वर, अमेरिका तीनच्या वर. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानसाठी पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांचा आकडा जाहीर झाला, पण त्यातील ३६ हजार कोटी सरकारबाहेरून येतील असे गृहीत धरले होते. खासगी पैशाने चांगले काम होऊ शकते हेही खरे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्राला इन्फोसिसचे सहसंस्थापक क्रिस गोपालकृष्णन यांच्या प्रतीक्षा ट्रस्टने २२५ कोटी रुपये देऊ केले, आणि ते केंद्र कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्यात ४५ वर्षांवरील ग्रामस्थांचा दीर्घकालीन अभ्यास करते. दहा हजार लोकांचे उद्दिष्ट आहे. पण कोणता तालुका, कोणता प्रश्न, हे मग देणगीदाराच्या आणि संस्थेच्या मनावर राहते. लोकांना त्यात मत नसते.

आपल्या घरातला प्रश्न

१९६१ च्या जनगणनेत देशातील अनुसूचित जातींच्या स्त्रियांचे साक्षरतेचे प्रमाण ३.२९ टक्के होते. शंभरात तीन. धर्मांतरित बौद्ध त्या यादीबाहेर मोजले जात होते, कारण बौद्धांना अनुसूचित जातीचे संरक्षण मिळायला १९९० उजाडले. पण परिस्थिती फार निराळी नव्हती हे आपल्या प्रत्येकाच्या घरातली आजी सांगेल. २०११ च्या जनगणनेत बौद्धांची साक्षरता ८१.२९ टक्के आहे, देशाच्या ७२.९८ पेक्षा जास्त. १९५६ नंतरच्या दोन पिढ्यांत हे घडले. १९४५ च्या सुमारास जन्मलेली, आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबलेली आजी, दहावी झालेली तिची मुलगी आणि अभियंता झालेली नात, अशी घरे विदर्भ-मराठवाड्यात गावोगाव आहेत.

जगातले स्मृतिभ्रंशतज्ज्ञ 'लॅन्सेट' आयोगातर्फे २०२४ मध्ये सांगतात की बदलता येण्याजोग्या १४ जोखमींवर काम केले तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल. लहानपणीचे अपुरे शिक्षण ही त्यातली पहिली. बहिरेपणा, उच्च रक्तदाब, प्रदूषित हवा, एकटेपणा पुढे येतात. मग जिथे एका पिढीत शाळा नव्हती आणि पुढच्या पिढीत एकदम आली, तिथे म्हातारपणीच्या मेंदूत काय फरक पडतो? शिकलेल्या मुलीला तो राखीव साठा मिळाला का? की चाळीतली गर्दी, नोकरीतला अपमान आणि रक्तदाब यांनी तो खाऊन टाकला? समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला आणि मेंदूशास्त्रज्ञाला सारखाच भुरळ घालणारा हा प्रश्न आहे. उत्तर हवे तर आजच्या पन्नाशीच्या बायकांची नोंद आजच सुरू व्हायला हवी. त्या ऐंशीच्या होतील तेव्हा सुरू करून उपयोग नाही.

यात मोजपट्टीचाही प्रश्न येतो. वस्त्यांमधील ज्येष्ठांच्या शिबिरात आम्ही पाहतो, आजची तारीख विचारली की आजी गप्प होतात. पौर्णिमेला किती दिवस उरले, हे मात्र त्या बोटांवर मोजून बरोबर सांगतात. परदेशी चाचणीत कागदावरचे वाक्य वाचून तसे करा, एक वाक्य लिहा, असे प्रश्न असतात. निरक्षर माणूस तिथेच नापास. हरियाणातील बल्लभगढ येथे १९९० च्या दशकात मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी यावर काम केले. वाचायला देण्याऐवजी 'माझ्याकडे पाहा आणि मी करते तसे करा' असे सांगितले, लिहायला लावण्याऐवजी घराविषयी काहीतरी बोला असे विचारले. त्या कामालाही अमेरिकी निधी होता. विहारात, शेतात, बाजारात जगलेल्या माणसाच्या स्मरणशक्तीला न्याय देणारी चाचणी तयार करणे हेही संशोधनच आहे, आणि त्यासाठी बोलीभाषा जाणणारी आपली मुले लागतील.

संमती देण्याआधी

संशोधन म्हटले की आपल्या समाजात संशय येतो, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामा राज्यातील टस्कगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस कसा वाढतो ते पाहिले. सोबत आजार नसलेले २०१ जण होते. त्यांना खरा आजार सांगितला नाही. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही दिले नाही. हाही वर्षानुवर्षे चालणारा अभ्यासच होता. १९७२ मध्ये, म्हणजे मुंबईत दलित पँथर उभी राहिली त्याच वर्षी, वर्तमानपत्रांनी तो उघडकीस आणला.

पण संशयामुळे दार बंद केले तर दुसरे नुकसान होते. ब्रिटनच्या 'यूके बायोबँक'मध्ये पाच लाख लोक आहेत, जगभरचे मेंदूसंशोधन त्यावर चालते. बोलावलेल्यांपैकी साडेपाच टक्केच आले होते आणि आलेले बहुतेक गोरे, सरासरीपेक्षा सुखवस्तू व निरोगी. औषधे आणि धोरणे मग त्यांच्या शरीरावरून ठरतात.

म्हणून दाराशी आलेल्या अभ्यासाला काही गोष्टी विचाराव्यात. निधी कोणाचा आणि किती वर्षांचा? तो संपल्यावर आमच्या नोंदी आणि रक्ताचे नमुने कोणाकडे राहणार? तपासणीत रक्तदाब, मधुमेह किंवा स्मृतिभ्रंश आढळला तर तुम्ही आम्हाला कुठे पाठवणार, की नुसते लिहून घेणार? निष्कर्ष वस्तीत येऊन मराठीत सांगणार का? मध्येच बाहेर पडायचे ठरवले तर काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रत्येक नैतिकता समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो आणि समितीत विधिज्ञ, समाजविज्ञानाचा जाणकार आणि एक सामान्य नागरिक असावे लागतात. ही शेवटची जागा कोणाकडे आहे, हे आपल्या जिल्ह्यातील वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन विचारता येते. समाजकार्य आणि समाजशास्त्र शिकलेल्या आपल्या तरुणांनी अशा समित्यांसाठी नाव द्यायला हवे. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी आपले विद्यार्थी आझाद मैदानात बसले, तोही संशोधन निधीचाच लढा होता. त्या अधिछात्रवृत्तीतून काहींनी वार्धक्य, पोषण आणि मेंदू हे विषय घेतले तर आजीच्या घरातूनच सुरुवात करता येईल.

आणखी एक तपशील. जनगणनेच्या वेळी धर्म बौद्ध लिहावा आणि जातीच्या रकान्यात काय लिहावे, यावर आपल्याकडे दर वेळी चर्चा होते. आरोग्याच्या सर्वेक्षणातही तोच रकाना असतो. धर्म आणि जातप्रवर्ग वेगवेगळे नोंदवले गेले तरच पुढे कोणी बौद्ध ज्येष्ठांचे आकडे स्वतंत्र काढू शकेल. प्रगणक घाईत एकच खूण करून पुढे जात असेल तर त्याला थांबवून दोन्ही नोंदी करून घ्याव्यात.